बाबांच्या ठोक्यांचं ट्रेसिंग

माझ्या वडिलांनी आपल्या हृदयाचा पहिला आलेख लॅमिनेट करून घेतला आणि तो काळाकुट्ट झाला. ईसीजीचा कागद उष्णतेवर चालतो. मशीन त्याला बारीक चटके देत जातं आणि त्या चटक्यांचीच रेघ होते. नाशिकच्या लॅमिनेशनवाल्याने सबंध कागदालाच एकदम चटका दिला. बाबा दुकानातून बाहेर आले ते हातात चकचकीत काळी पाटी घेऊन. आईने ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हे तुमचं हृदय?"

पेसमेकर बसवून तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. कागद टिकावा, पुढे कामाला यावा, म्हणून ही उठाठेव. कागद जपायचं वेड आमच्या लोकांना असतंच, पण बाबांना जरा जास्त आहे. त्यांची एक निळी प्लास्टिकची फाईल आहे. तिच्यात वीस वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, चष्म्याचे नंबर, आईच्या दाढेचा एक्स-रे आणि कधीकाळी कुत्रं चावल्यावर घेतलेल्या इंजेक्शनांची चिठ्ठी आहे. ते कुत्रं केव्हाच गेलं असेल, चिठ्ठी आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळ नकाशा ट्रेस केल्याशिवाय टेबलावरून हलवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे लॅमिनेशनला निघण्याआधी त्यांनी ईसीजीही ट्रेस करून ठेवला होता. बाराच्या बारा पट्ट्या, मिलिमीटरला मिलिमीटर. खाली उजव्या कोपऱ्यात नकाशांवर असतात तशा तीन चौकटी: रेखाटले, तपासले, मंजूर. पहिल्या चौकटीत त्यांची सही होती.

त्यांनी तो कागद व्हिडिओ कॉलवर मला दाखवला. मी तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला, स्वयंपाकघरात उभी राहून टोस्ट खात होते.

"दुसरी चौकट तुझी," बाबा म्हणाले. "घरात डॉक्टर तू आहेस. भेटशील तेव्हा नीट तपासून सही कर."

"आणि मंजूर कोण करणार?"

"तुझी आई. आणखी कोण?"

"मी काहीएक मंजूर करणार नाही," मागून आईचा आवाज आला.

मी हसत म्हणाले, "बाबा, मी चित्रांवर सह्या करत नाही." तेही हसले. ट्रेसिंग निळ्या फाईलमध्ये गेलं. मी ते विसरून गेले, आणि आपण किती चटपटीत बोललो याचं मला थोडं कौतुकही वाटलं होतं, हे कबूल करते.

मी एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांत शेतकरी पुष्कळ. सकाळी सहाला छातीत कळ आली तर कुंपणाची तार ओढून, गुरांचं पाणी बघून, दीड तास गाडी चालवून दुपारी येतात आणि म्हणतात, "प्रॉबब्ली नथिंग, डॉक." त्यातल्या बऱ्याच जणांना पेसमेकर असतो आणि तिथे आमची पंचाईत होते. एरवी हृदयाला रक्त कमी पडायला लागलं की ईसीजीची रेघ ते सांगते. पेसमेकरवाल्याच्या ईसीजीत आधी एक उभा खिळा दिसतो, त्याच्यामागून एक रुंद, बेढब लाट येते आणि तिच्या गडबडीत बाकीचं सगळं झाकून जातं. मशीनसुद्धा कागदाच्या माथ्यावर "पेसमेकर" एवढंच छापून हात वर करतं. मशीनने केले म्हणून डॉक्टरही हात वर करतात. मीही केलेले आहेत.

खरं तर असा ईसीजी पुष्कळदा वाचता येतो. लाट खाली गेली असेल तर तिच्यामागची छोटी रेघ वर हवी. लाट वर गेली असेल तर रेघ खाली हवी. दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना असली की साधारणपणे ठीक चाललंय असं समजायचं. दोघी एकाच बाजूला निघाल्या की धावपळ करायची. विरोध प्रमाणाबाहेर गेला तरी काळजीचं कारण असतं, पण तो दुसऱ्या तासाचा धडा.

नव्या डॉक्टरांना हे शिकवताना मी माझ्या आईवडिलांना कामाला लावते. त्यांच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मी सांगते. आई पूर्व म्हणाली की बाबा पश्चिम म्हणतात, ही दोघांची तब्येत ठणठणीत असल्याची खूण. ज्या दिवशी त्यांचं एकमत होईल त्या दिवशी ॲम्ब्युलन्स बोलवा. सगळे हसतात. परीक्षेत हाच प्रश्न आला आणि माझे आईवडील आठवले म्हणून मार्क मिळाले, असंही एकजण सांगून गेला होता.

गेल्या मे महिन्यात हे उदाहरण सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे राहायला आलं. ब्रिस्बेनच्या विमानतळावर आईने गोड्या मसाल्यापासून मेतकुटापर्यंत सगळं जाहीर केलं आणि बाबांनी निळी फाईल जाहीर केली. कस्टमच्या बाईंनी ती उघडून काळी पाटी उजेडात धरली, पुन्हा आत ठेवली आणि "नो वरीज" म्हणाल्या.

आल्या आल्या बाबांचा एक ईसीजी काढून ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. पुढेमागे काही झालंच तर तुलनेला जुना कागद हवा, पेसमेकरवाल्याला तर हवाच. हे मी प्रत्येक पेशंटला बजावून सांगते. पण एका आठवड्यात माझ्या शिफ्ट उलटसुलट लागल्या, दुसऱ्यात मुलीचं नेटबॉल होतं, तिसऱ्यात पाइप तुंबला. हॉस्पिटल आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जुलै उजाडला तरी बाबांचा ईसीजी निघाला नव्हता.

त्या शनिवारी नवरा मुलीला घेऊन ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला मराठी शाळेत गेला होता. मला सुट्टी होती. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालत होते. टूवूंबाचा हिवाळी वारा हातातली चादर ओढून नेत होता. आई बाहेर आली, पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि हळूच म्हणाली, "अगं, तुझे बाबा 'बरं' म्हणाले."

"कशाला?"

"मी म्हटलं, आज फिरायला जाऊ नका, वारा बोचरा आहे. तर म्हणाले, बरं."

"मग बरंच झालं की."

"मग मी म्हटलं, घरात मफलर कशाला, काढा. काढला."

"ऑस्ट्रेलिया मानवला त्यांना, आई."

"मग म्हटलं, दुपारी दुधी करते. तर म्हणाले, चालेल." आई थांबली. "दुधी, गं."

बाबांनी दुधीला जन्मात कधी 'चालेल' म्हटलेलं नाही. मी मोठ्याने हसले. आईला म्हटलं, "आत जा, गारठशील. शेवटी तू जिंकलीस असं समज." ती आत गेली. मी उरलेले कपडे घातले. मग सिडनीच्या मैत्रिणीचा फोन आला. हॅरिस पार्कच्या कुठल्याशा दुकानात ताजी अळूची पानं मिळाली, हे तिने मला पाऊण तास सांगितलं आणि मी ऐकलं.

आत आले तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. एक हात पोटाच्या वर, बरगड्यांच्या मध्ये. कपाळावर घाम. त्या थंडीत घाम.

"थोडा गॅस धरलाय," ते म्हणाले. "ओवा घेतलाय."

"कधीपासून?"

"चहाच्या आधीपासून असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझा सुट्टीचा दिवस," बाबा म्हणाले.

ॲम्ब्युलन्ससाठी ट्रिपल झीरो लावायला हवा होता. पेशंटला स्वतःच्या गाडीत घालून आणणाऱ्या नातेवाइकांना मी झापते. पण त्या दिवशी मीच त्यांना गाडीत घातलं आणि निघाले. बाबांनी विचारलं, "फाईल घेतली का?" मी त्यांच्यावर ओरडले, "आत्ता फाईल कशाला हवीये तुम्हाला!" आई परत आत गेली, फाईल घेऊन आली आणि मांडीवर ठेवून मागच्या सीटवर बसली.

ड्यूटीवरचा रजिस्ट्रार, म्हणजे त्या पाळीचा डॉक्टर, मीच शिकवलेला होता. ताडमाड उंच, मान उन्हाने कायमची लाल झालेली. त्याने बाबांना लगेच आत घेतलं, ॲस्पिरिन दिली, तारा लावल्या. मी मशीनकडे सरकले तसा तो मऊ आवाजात म्हणाला, "टुडे यू आर द डॉटर, ओके?" आणि मला एक प्लास्टिकची खुर्ची दिली. मी अनेकांना दिलेली आहे ती खुर्ची. ती किती टणक असते ते त्या दिवशी कळलं.

कागद बाहेर आला. माथ्यावर छापलं होतं, पेसमेकर. रक्ताची पहिली तपासणीही नॉर्मल आली. ती सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"पेस्ड आहे, सो हार्ड टु कॉल," तो म्हणाला. "दोन तासांनी ब्लड्स परत करू. जुना ईसीजी आहे का आपल्या सिस्टिमवर?"

"नाही," मी म्हणाले. तो एक शब्द बोलताना मला जी लाज वाटली तशी आजवर कधी वाटली नव्हती.

त्याने कागद माझ्या हातात दिला. मी बघितला. खिळा दिसला, लाट दिसली, पण बाकी काहीच वाचता येईना. असा कागद मी रोज वाचते, त्याच्यावर जोक करून दाखवते, आणि तेव्हा मला त्यात फक्त बाबा दिसत होते. मी तो पलंगावर ठेवला.

"बघू, कसा काढलाय," बाबा म्हणाले. आईने त्यांना चष्मा दिला. चेहरा पांढराफटक, पण भुवया कामावर असायच्या तशा जवळ आल्या. त्यांनी कागदावर बोट फिरवत फिरवत आणलं आणि थांबवलं.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय, बाबा?"

"ही पट्टी. आणि ही शेजारची. इथे खड्डा संपला की रेघ वर चढते, चांगली दोन घरं. यांनी खाली नेलीये."

"बाबा, हे मशीनने काढलंय."

"काढलं असेल मशीनने. तपासलं कोणी?"

आईने तोवर फाईल उघडून ट्रेसिंग बाहेर काढलं होतं. बाबांनी ते नव्या ईसीजीवर ठेवलं, चौकोनाला चौकोन जुळवला आणि आईला म्हणाले, "धर इथे." आईने कोपरे दाबून धरले. ट्रेसिंग पेपरमधून खालची रेघ स्वच्छ दिसत होती. बाबा एकेक पट्टी सरकवत गेले. पहिली बसली. पुढच्याही बसत गेल्या. छातीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीत मात्र बाबांच्या शाईची रेघ वर गेलेली होती आणि तिच्याखाली मशीनची रेघ लाटेपाठोपाठ खाली उतरली होती. लाट खाली, आणि रेघही खाली.

"दे ॲग्री," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या पडद्यामागचं बोलणं थांबलं.

रजिस्ट्रार वाकला. आधी ट्रेसिंगकडे बघितलं, मग ईसीजीकडे, मग आईबाबांकडे. कागदाचे कोपरे धरून दोघं शेजारी शेजारी गप्प होती. "ओह," तो म्हणाला. "युअर पेरेंट्स." आणि फोनकडे धावला.

हृदयाच्या मागच्या भिंतीला रक्त पोचत नव्हतं. त्या बाजूची खबर समोरच्या पट्ट्यांत अशी उलटी येते. ब्रिस्बेनच्या हृदयतज्ज्ञाला दोन्ही कागदांचे फोटो गेले. त्याने विचारलं, "दुसरा कोणी काढला?" रजिस्ट्रार म्हणाला, "द पेशंट." मग तो म्हणाला, "सेंड हिम नाऊ. अँड सेंड द ड्रॉइंग."

बाबा हेलिकॉप्टरने ब्रिस्बेनला गेले. आत चढवताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही महत्त्वाचं सांगतील. म्हणाले, "ट्रेसिंगची घडी घालू देऊ नकोस त्यांना."

आईला घेऊन मी गाडीने निघाले. घाट उतरून सपाटीला लागल्यावर ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मी तिला हसले होते. जे मी वर्षानुवर्षं शिकवते ते ती माझ्या अंगणात येऊन मला सांगत होती, आणि मी अळूच्या पानांची गोष्ट ऐकत बसले.

"हो, आई," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

"तू पण हो म्हणू नकोस," आई म्हणाली. "भीती वाटते."

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आईने पाठीवर हात ठेवला. मग खाली उतरली, कोणाला काय विचारलं देव जाणे, आणि दोन कागदी कपांत चहा घेऊन आली.

आम्ही पोचलो तोवर स्टेंट बसला होता. रक्ताच्या दुसऱ्या तपासणीची वाट बघत थांबलो असतो तर मागची बरीचशी भिंत गेली असती, असं त्या तज्ज्ञाने सांगितलं. बाकी बोलणं त्याने ट्रेसिंगबद्दलच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात आई बाबांच्या उशाशी उभी राहिली आणि म्हणाली, "उशी जरा उंच घ्या."

"नको," बाबा म्हणाले. "अशीच बरी आहे."

आई खिडकीकडे वळली आणि पदराने डोळे पुसत बराच वेळ पार्किंग बघत राहिली.

बाबा घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांना आमच्या हॉस्पिटलात नेऊन नवा ईसीजी काढून आणला. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, दोन सकाळी खपून ट्रेस केला आणि कोपऱ्यात तीन चौकटी आखल्या. मग फाईलमधून जुनं ट्रेसिंग काढून माझ्यापुढे ठेवलं.

"आधी हे. हे अजून तसंच आहे."

मी खुर्ची ओढून बसले. या खेपेला खरोखर तपासलं. बाराही पट्ट्या, एकेक लाट, लाटेमागची एकेक रेघ, घरं मोजून. कुठेही चूक नव्हती. मी सही केली आणि ज्या दिवशी त्यांनी ते काढलं होतं त्या दिवसाची तारीख घालायला गेले.

"आजची घाल," बाबा म्हणाले. "तपासलं त्या दिवसाची तारीख घालतात."

मी आजची घातली. मग नव्या ट्रेसिंगवरही सही केली आणि पेन आईकडे दिलं. तिने चष्मा लावून दोन्ही कागद बघितले.

"तिसरी पट्टी जरा वाकडी नाही का?"

"अजिबात नाही."

"बरं, करते मंजूर. पण आज दुधी खायचा."

"मग राहू दे रिकामी," बाबा म्हणाले आणि कागद फाईलमध्ये सरकवले.

मंजुरीच्या त्या दोन्ही चौकटी अजून रिकाम्या आहेत. त्या तशाच राहाव्यात, असं मला वाटतं.